बिनपट्टीचे वीस जण

संभाजीनगर
६ जुलै २०२५

मोठेमामा,

काल दुपारी होस्टेलवर पोचले. मामीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू परभणी यायच्या आतच निम्मे झाले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी हातभार लावला.

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या विषयांवर ओरडायचं, म्हणून हे पत्र. शिवाय तक्ते टपालानंच यायचे आहेत, कॉलेजला सह्या-अंगठ्यांचे मूळ कागद लागतात. कुरुंद्यात असताना सगळं तोंडी सांगितलं होतं, पण त्यातलं कानापर्यंत किती गेलं ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून परत लिहिते. हा कागद तक्त्यांच्या फायलीत ठेवा.

आपल्या यादीत बीपीचे चाळीस जण आहेत. प्रत्येकाला सरकारी दवाखान्यातून महिन्याला तीस गोळ्या मिळतात. जूनअखेर मी घरोघर जाऊन मोजलं तेव्हा माणशी सरासरी अकरा गोळ्या उरलेल्या होत्या. म्हणजे महिन्यातले अकरा दिवस गोळी घेतलीच नव्हती. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, घेतली असंल की. मारुतीच्या पारावर चिठ्ठ्या काढून आपण त्यांचे दोन गट केले. वीस जणांना कागदाची पट्टी दिली, वीस जणांना नाही. पट्टीला तीस दात. रोज सकाळी गोळी घेतली की एक दात फाडायचा. तुम्ही दर महिन्याच्या तीस तारखेला चाळीसही घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि तक्ता मला पाठवायचा. असे तीन महिने. पट्टीवाल्यांना नवी पट्टी तेवढी द्यायची. बाकी काही करायचं नाही. कोणाला आठवण द्यायची नाही, रागवायचं नाही.

पट्टीची कल्पना तुमचीच, हे मी आमच्या गाईड संगिता मॅडमना सांगितलं आहे. तुम्ही मिक्श्चरच्या बाटलीला दातेरी कागद डकवायचात, एक दात म्हणजे एक डोस, आणि अक्षर न येणाऱ्यालाही ते कळायचं. मॅडमनी अशी बाटली कधी पाहिलीच नव्हती. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, गोळ्यांसाठी करून बघ.

मामा, मॅडमच्या जोड अभ्यासक्रमाला सहाच जागा आहेत. बी.फार्म. करता करताच संशोधन शिकायचं, आणि पुढे सरळ पीएच.डी.ची वाट. नोव्हेंबरात समितीपुढे आपलं काम मांडायचं, त्यावर निवड होते. नाही झाली तर पप्पांनी कळमनुरीत बाजाराच्या रस्त्याला मेडिकलसाठी गाळा बघून ठेवलाच आहे. मेडिकल चालवणं मला हलकं वाटतं असं नाही. पण एकदा शटर वर केलं की मी काउंटरवर उभी राहीन आणि हे असं का, ते तसं का, हे विचारायचं हळूहळू सोडून देईन, याची भीती वाटते. म्हणून हे काम नीट झालं पाहिजे.

मामीला नमस्कार.

तुमची
रागिणी


कुरुंदा
३ ऑगस्ट २०२५

प्रिय रागिणी,

पत्र वेळेवर मिळालं. सोबत जुलैचा तक्ता आहे. तीस तारखेला सकाळी निघालो तो दिवेलागणीला घरी आलो. संतराम मेंढरं घेऊन माळावर गेला होता, त्याच्यामागे तिकडे जावं लागलं. त्यानं धोतराच्या सोग्यातून गोळ्या काढून दाखवल्या. नऊ उरल्या होत्या. पट्टीवाल्यांच्या सरासरी तीन उरल्यात, बिनपट्टीवाल्यांच्या दहा. बेरीज दोनदा केली आहे.

इतक्या वर्षांनी गावातून असा फिरलो. शिवप्रसाद डॉक्टरांचा दवाखाना बंद झाल्यापासून मला घरोघर जायचं कारणच उरलं नव्हतं. लोक अजून मला कंपाउंडर म्हणतात, म्हणून पाय उचलला जातो. तुला दवाखाना आठवतो तो शेवटचा, गोळ्यांच्या पाकिटांचा. मी अठराव्या वर्षी लागलो तेव्हा सगळं हातानं व्हायचं. पेशंट घरून बाटली घेऊन यायचा. कोणाची तेलाची, कोणाची शाईची, आणि दारूची आणली तर माणूस ती टॉवेलात गुंडाळून आणायचा. ती गरम पाण्यानं धुवायची, मेजरग्लासनं औषध मापून भरायचं, मग कागद दुमडून कात्रीनं दात पाडायचे आणि खळीनं बाटलीला चिकटवायचे. डॉक्टर म्हणायचे, अमृता, औषध मी लिहितो, पण ते पोटात जातं तुझ्या कात्रीमुळं. एवढी एक शाबासकी मी चाळीस वर्षं पुरवून खाल्ली.

एक अडचण सांगतो. शालूबाई आणि नर्मदाबाई या जावा-जावा एका घरात राहतात हे तुला माहीत आहे. शालूबाईची चिठ्ठी पट्टीची निघाली, नर्मदाबाईची बिनपट्टीची. दोघींच्या गोळ्या एकाच फळीवर असतात. मी मोजायला गेलो तर नर्मदाबाई म्हणाली, "कंपाउंडर, तिचा बीपी नांदायला आला अन् माझा काय पळून आला का?"

मी हसून वेळ मारून नेली. पण असं विचारणारी ती एकटी नाही. काय सांगायचं ते कळव.

मामी म्हणते की लाडू संपले असतील तर कळव.

अमृतराव


संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

मोठेमामा,

तक्ता मिळाला. तीन आणि दहा! मी ते आकडे मॅडमच्या टेबलावर ठेवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिले. एका महिन्यावर विसंबायचं नाही असं त्या म्हणाल्या, पण आवाज खूश होता.

आता नर्मदाबाईंचं. मामा, यात ढिलाई चालणार नाही. आपण त्यांचं औषध तोडलेलं नाही. गोळी दोघींना सारखीच मिळते. नर्मदाबाईंना फक्त कागद मिळालेला नाही. आणि तो त्यांना मिळत नाही म्हणूनच तर शालूबाईंचा कागद कामाचा आहे की नाही हे कळणार आहे. वीस जणांना काही न देणं हेही आपल्या कामातलं कामच आहे. मलाही पहिल्या वर्षी हे पटायला वेळ लागला. तुम्ही एवढंच सांगा की सप्टेंबरनंतर सगळ्यांना मिळेल. दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

तुम्ही बाटल्यांचं लिहिलंत आणि मला उन्हाळ्याच्या सुट्ट्या आठवल्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत फळीवर त्या रिकाम्या बाटल्या असायच्या. तुम्ही मला रद्दीचे कागद आणि बोथट कात्री द्यायचात. माझे दात कधीच सारखे यायचे नाहीत. तुम्ही म्हणायचात, एका पेशंटला चमचाभर जास्त गेलं, दुसऱ्याला कमी, आता दोघांच्या घरी जाऊन माफी माग. मी खरंच रडायची. फार्मसीला यायचं मी बहुतेक तेव्हाच ठरवलं असावं, फक्त मला ते माहीत नव्हतं.

लाडू संपले आहेत.

रागिणी


कुरुंदा
४ सप्टेंबर २०२५

प्रिय रागिणी,

ऑगस्टचा तक्ता पाठवतो आहे. पट्टीवाल्यांच्या तीन उरल्या, बिनपट्टीवाल्यांच्या सहा.

पोळा चांगला झाला. हळदीला मातीची भर लावून झाली. तुझी मामी गुडघ्यानं बेजार आहे, तरी लाडू केलेत. वसमतचा एक मुलगा तिकडे शिकतो, त्याच्या हाती पाठवले आहेत.

बाकी सर्व ठीक.

अमृतराव


संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२५

मोठेमामा,

एवढं छोटं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. तब्येत बरी आहे ना?

लाडू मिळाले. मुलगा प्रामाणिक निघाला, डबा भरलेला होता.

तक्त्यावर मी आणि मॅडम दोन तास बसलो होतो. पट्टीवाले जिथल्या तिथे आहेत, पण बिनपट्टीवाले दहावरून सहावर आले. काही न करता. हे कशामुळं झालं असेल ते आम्हाला कळत नाही. म्हणून सरळ विचारते. गावात काही वेगळं घडलं का? दवाखान्यातल्या नर्सताईंनी सभा घेतली, कोणाला झटका आला आणि लोक घाबरले, असं काही? जे असेल ते लिहा. लहानसं असलं तरी लिहा.

माझ्या वर्गातल्या मुली संध्याकाळी फिरायला जातात आणि मी तुमचे आकडे घेऊन बसते. त्या मला कुरुंदेकरीण म्हणायला लागल्या आहेत. मी सेनगाव तालुक्याची आहे, कुरुंदा माझं आजोळ, हे सांगून थकले.

रागिणी


कुरुंदा
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय रागिणी,

शेवटचा तक्ता सोबत आहे. पट्टीवाल्यांच्या तीन, बिनपट्टीवाल्यांच्याही तीन.

तू विचारलंस त्याचं उत्तर असं की वेगळं काय घडणार? नर्सताई नेहमीसारख्या येतात-जातात. झटका कोणाला आला नाही. लोक शहाणे झाले म्हण. संतराम तर म्हणतो की त्याचं डोकं आता जड होत नाही आणि मेंढराच्या मागे पळताना दम लागत नाही.

दसऱ्याला यंदा हिंगोलीला गेलो नाही. पूर्वी डॉक्टर दरवर्षी दवाखाना दुपारीच बंद करून सगळ्यांना जीपमधून दसरा दाखवायला न्यायचे. मी मागे बसायचो, औषधाची पेटी मांडीवर घेऊन, कारण गर्दीत कोणाला तरी चक्कर यायचीच. तेव्हाची एक गोष्ट सांगतो. एक बाई रोज दवाखान्यात यायची. तिला काही झालेलं नसायचं. सासर खडतर होतं, तेवढाच घटकाभर विसावा. डॉक्टर मला म्हणायचे, हिला गुलाबी दे. गुलाबी म्हणजे बडीशेपेचं पाणी आणि रंग. ती बाई चार दिवसांत खडखडीत बरी व्हायची. तू शिकतेस त्यात याला काहीतरी नाव असेल. आम्ही त्याला गुलाबीच म्हणायचो.

काम संपलं. फाईल नीट बांधून ठेवली आहे.

अमृतराव


संभाजीनगर
१४ ऑक्टोबर २०२५

मोठेमामा,

कोडं सुटलं. तुम्हाला सांगायची घाई झाली आहे, पण थोडं वाईटही वाटतं आहे.

मॅडम म्हणाल्या की हे जगभर दिसतं. आपल्याला कोणीतरी मोजायला येणार आहे हे कळलं की माणसं आपोआप नीट वागायला लागतात. तुम्ही दर तीस तारखेला दारात उभे राहिलात, तेवढं पुरे झालं. पहिल्या महिन्यात पट्टीवाले पुढे होते तो नव्या वस्तूचा उत्साह. शेवटी दोन्ही गट एकाच ठिकाणी आले. म्हणजे निष्कर्ष असा की नियमित मोजणीचा उपयोग होतो, पट्टीचा वेगळा असा काही उपयोग नाही.

मामा, तुमची पट्टी हरली. मला हे तुमच्याआधी कोणाला सांगायचं नव्हतं. पण मॅडम म्हणतात की आपलीच कल्पना चुकली हे ताठ मानेनं मांडणारी मुलगी समितीला आवडते. दहा नोव्हेंबरला मांडणी आहे. मॅडमच्या मते माझी जागा जवळजवळ नक्की आहे. त्या असं कोणाला सहज म्हणत नाहीत. पप्पांनाही सांगितलं. ते म्हणाले, मग गाळ्याचं नाही म्हणून कळवतो.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या काळी पट्टी कामाचीच असणार. आता काळ वेगळा आहे.

दिवाळीला येणं होत नाही, तयारी करायची आहे. फराळाची मात्र वाट बघते.

रागिणी


कुरुंदा
२४ ऑक्टोबर २०२५

रागिणी,

तुझं पत्र वाचून आठ दिवस होत आले. दिवाळीत ते खिशातच होतं. मामीनं दोनदा विचारलं की काय झालं, मी पित्त झालं म्हणून सांगितलं.

बिनपट्टीचे वीस जण बिनपट्टीचे नव्हते. मीच त्यांना पट्ट्या दिल्या.

राखीच्या दिवशी नर्मदाबाई ताट घेऊन आमच्या घरी आली. ती मला भाऊ मानते, दरसाल बांधते. राखी बांधून झाली, मी ओवाळणी घालायला गेलो तर म्हणाली, पैसे ठेव तुझे, मला शालूबाईसारखा कागद दे. मी तिला कसं नाही म्हणणार होतो? जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं, तीस दात पाडले, दिला. तुझं ढिलाई करू नका असं पत्र आलं तेव्हा ती पट्टी तिच्या खिळ्याला लागून पाच दिवस झाले होते. परत आणायला मी गेलो होतो, खरं सांगतो. चहा पिऊन परत आलो.

मग पोळ्याच्या आत संतराम आला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मेंढरं मोजल्याबिगर मी वाडग्याचं कवाड लावत न्हाई. मला रोजची गोळी मोजायला काहून न्हाई दिलं? माझ्यावर भरवसा न्हाई का?" त्याला दिली. एकाला दिल्यावर दुसऱ्याला काय सांगणार? ऑगस्टअखेर अकरा जणांकडे होती. सप्टेंबर अर्धा होईतो वीसही जणांकडे. मी सकाळी ओट्यावर कात्री घेऊन बसायचो आणि माणसं येऊन न्यायची. एवढं बरं मला दवाखाना बंद झाल्यापासून कधी वाटलं नव्हतं. तुझ्या कामाचं नुकसान होतंय हे कळत होतं. मोठं होईल असं वाटलं नाही. वाटलं, सगळ्यांच्या गोळ्या वेळेवर जातात हे चांगलंच दिसेल.

तक्त्यातला एकही आकडा खोटा नाही. गोळ्या मी खऱ्याच मोजल्या. पण तू सरळ विचारलंस तेव्हा वेगळं काय घडणार असं लिहिलं, ते खोटं होतं.

आणखी एक लिहायला हवं. पट्टी निकामी ठरली हे मला सहन झालं नाही. पट्टी जिंकली असती तर हे पत्र मी लिहिलं असतं की नाही, याचं उत्तर मला देता येत नाही. माझा मोठेपणा समजू नकोस.

हे मी कोणाला बोललेलो नाही. गावात कोणी तुझ्या कॉलेजात जाऊन सांगणार नाही. तुझी जागा नक्की झाली आहे. हे पत्र तुला मिळालं नाही असं तू म्हणालीस तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही.

फराळ वेगळा पाठवला आहे.

अमृतराव


संभाजीनगर
३० ऑक्टोबर २०२५

मोठेमामा,

पत्र मिळालं आहे. मिळालं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं.

आत्ता यापेक्षा जास्त लिहिलं तर वाईट लिहीन.

रागिणी


संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

मोठेमामा,

तुम्ही वाट बघत असाल हे माहीत होतं, तरी लिहिलं नाही. पहिले चार दिवस रागात गेले. तुमचं पत्र पेटीच्या तळाशी ठेवलं आणि मांडणीची तयारी तशीच चालू ठेवली, जणू काही झालंच नाही. खोटं बोलत नाही, दोन वेळा वाटलं की तसंच राहू द्यावं. मॅडमनाही कळलं नसतं. पण दर वेळी पट्टीचा उपयोग नाही हे वाक्य म्हणायला गेले की पुढचा शब्द आठवायचा नाही. खोलीतल्या मुली म्हणाल्या, तुला ताप आहे का?

पाच तारखेला तुमचं पत्र मॅडमना वाचायला दिलं. त्यांनी ते सावकाश दोनदा वाचलं. मला वाटलं होतं त्या तुमच्यावर चिडतील. त्या कोणावरच चिडल्या नाहीत. पत्र घडी करून परत दिलं आणि म्हणाल्या, "हे सांगितलंस की या वेळची जागा जाईल. माहीत आहे ना?"

मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग कागद नव्यानं लिहायला घे, पाच दिवस आहेत.

दहा तारखेला समितीपुढे जुलैचा एक महिना तेवढा खरा म्हणून मांडला. पुढचे दोन महिने का धरता येत नाहीत ते सांगितलं. राखीचं सांगितलं, संतरामचं सांगितलं, तुमचं नाव घेतलं नाही. समितीत एक वयस्कर सर होते. शेवटी त्यांनी विचारलं, "एका घरात दोन जावा. एकीला दिलं, एकीला नाही. तुझ्या घरी हे चाललं असतं का?"

मामा, चाललं नसतं हे उत्तर मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे एका चुलतीला साडी आली की दुसरीला यावीच लागते, हे मी तिसरीत असल्यापासून बघते. आणि तरी मी पारावर बसून माणशी एक चिठ्ठी काढली. पुस्तकात तसं होतं म्हणून. पुस्तकातली माणसं एकमेकांच्या भिंतीवर काय टांगलंय ते बघत नाहीत. मी सरांना तसंच सांगितलं. चिठ्ठी माणसांची नको होती, गावांची हवी होती. एका गावात सगळ्यांना द्यायचं, दुसऱ्या गावात कोणालाच नाही. सर म्हणाले की हे आधी सुचायला हवं होतं. मी म्हटलं, हो.

यादी शुक्रवारी लागली. सहांत माझं नाव नाही.

पप्पांना फोन केला. त्यांना काही केल्या उमगेना की चोरी केली नाही, नापास झाले नाही, खरं सांगितलं, तर जागा का गेली. मी तीन वेळा समजावलं. शेवटी म्हणाले, गाळा अजून गेला नाही, बघू. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

पण राखून ठेवलेल्या दोन जादा जागांची दुसरी यादी पुढच्या जुलैमध्ये निघते. त्यासाठी नवं काम दाखवावं लागतं. मॅडमनी मला परवानगीचे कागद भरायला लावले आहेत. जानेवारी ते मार्च, सेनगाव तालुक्यातली आठ गावं, चार पट्टीची, चार बिनपट्टीची. चिठ्ठी गावांची.

तुमच्यावरचा राग गेला का, तर सगळा नाही. तुम्ही पट्ट्या दिल्यात याचा राग आता नाही. विचारल्यावर सांगितलं नाहीत, त्याचा अजून थोडा आहे. जाईल. पण परवा लायब्ररीत तुमचा जुलैचा तक्ता काढून बसले होते. त्यातले आकडे तुम्ही कसे काढता, सात किती वळणदार, आणि खोडलेला एकही नाही. इतकं नेटकं मोजणारं माणूस मला दुसरं मिळणार नाही. म्हणून विचारते. जानेवारीत सेनगावला याल? राहायची सोय आमच्या घरी. गावं नवी, तिथं तुम्हाला राखी बांधणारं कोणी नाही. फक्त मोजायचं.

रागिणी


कुरुंदा
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय रागिणी,

पत्र शनिवारी आलं. मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं, बाकी सगळं तिला आधीच सांगितलं होतं. तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते योग्यच झालं. यादीत तुझं नाव नाही हे वाचल्यावर तिनं उठून चूल विझवली आणि बाहेर जाऊन बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मग ती म्हणाली, पोरगी तुमच्यापेक्षा शहाणी निघाली. मी व्हय म्हटलं.

तुझ्या वडिलांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात चूक कोणाची ते स्पष्ट लिहिलं आहे. जुलैपर्यंत गाळ्याचं बोलू नका अशी विनंतीही केली आहे. माझा शब्द ते मोडणार नाहीत असं वाटतं.

गावात पट्ट्या चालू आहेत. पहिल्या तारखेला माणसं येतात, नेतात. यादीबाहेरचे शुगरच्या गोळ्यांवालेही यायला लागलेत. त्यांच्यातल्या ज्ञानबाच्या घरच्यांनी तर कात्रीच मागून नेली, तुमचे हात दुखत असतील म्हणाले. ही कोणत्या तक्त्यातली गोष्ट नाही, म्हणून तुला सांगायला हरकत नाही.

आता सेनगावचं. तुझं ते वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं असेल. इतकं नेटकं मोजणारं माणूस. डॉक्टर गेल्यानंतर मला कोणी कामासाठी असं बोलावलं नव्हतं. मामी म्हणाली, जा, चार दिवस तेवढाच बदल. मी पिशवीही काढली होती. एक सदरा घडी करून ठेवला.

पण मी येत नाही.

नीट विचार केला. नवी गावं आहेत, ओळखीचं कोणी नाही, हे खरं. पण मी आठ दिवस एका गावात फिरलो की तिथंही कोणीतरी पाणी विचारणार, कोणीतरी ओट्यावर जागा देणार, कोणाचा तरी हात थरथरताना दिसणार. आणि मला ठाऊक असणार की शेजारच्या गावात ज्यानं गोळ्या वेळेवर घेतल्या जातात ते कागदाचं पान आहे आणि इथं नाही. तू म्हणशील, तीनच महिने. मी स्वतःलाही तेच सांगेन. तरी एखाद्या सकाळी माझ्या हातात कात्री दिसेल. मला शिकवलंच तसं गेलं. समोर आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, एवढं एकच मी चाळीस वर्षं केलं. डॉक्टरांनी त्यासाठीच मला ठेवला होता. तुझ्या कामाला उलट माणूस लागतो. ज्याला देता येतं, पण जो थांबू शकतो. तू थांबू शकतेस हे मी या महिन्यात पाहिलं. माझ्यात ते नाही, आणि अडुसष्टाव्या वर्षी ते यायचंही नाही.

तुमच्या गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई, कोमल, बारावी शिकलेली आहे ना, तिला विचार. मोजायचं कसं ते मी तिला एका दिवसात शिकवतो. पाकीट उघडण्याआधी हात पुसायचे, गोळ्या पाचापाचाच्या ओळीत मांडायच्या, माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, आकडा लिहून झाल्यावर बघायचं. तिला हिंगोलीला पाठव, स्टँडच्या बाहेरच्या हॉटेलात बसून शिकवीन.

तू जानेवारीत सेनगावला जाशील तेव्हा हिंगोलीवरूनच जाशील. कोणत्या एस.टी.नं येतेस ते कळव. मी सकाळीच येऊन थांबेन. चहा घेऊ, तुझा चेहरा बघेन, आणि तुला सेनगावच्या गाडीत बसवून देईन. कॉलेजचं सगळं सांग, मॅडमचं सांग, त्या वयस्कर सरांचं सांग. कोणत्या गावांना पट्ट्या दिल्यास आणि कोणत्या गावांना नाही, ते मात्र मला सांगू नकोस.

अमृतराव